कन्नड कानाला कळतं, डोळ्यांना नाही? मग फोन असा लावून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात एक माणूस गल्लोगल्ली भेटतो. शनिवारच्या बाजारात तो कन्नडमध्ये भाव करतो, बसमध्ये कंडक्टरशी कन्नडमध्ये वाद घालतो. पण ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर चार ओळींची कन्नड नोटीस आली की शेजारच्या पोराला हाक मारतो. भाषा येते, लिपी येत नाही. शाळा मराठी, घर मराठी, कन्नड सगळं कानावाटे आलेलं.

अशा माणसाला सगळे एकच सल्ला देतात: भाषांतराचं ॲप घ्या. तो अर्धवट सल्ला आहे. यंत्राच्या भाषांतरात नावांचे तुकडे पडतात, तारखा इकडच्या तिकडे होतात आणि वाक्याचा सूर जातो. तुम्हाला बोललेलं कन्नड कळतंय ना? मग फोनला भाषांतर करायला नको, वाचून दाखवायला लावा. आणि उत्तर द्यायचं झालं तर टाइप न करता बोला. हा लेख मुख्यतः त्या दोन कामांसाठी आहे. बाकीच्या गोष्टी ओघात येतील.

मेनूंची नावं अँड्रॉइड फोनमधली दिली आहेत. कंपनीप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो, पण सेटिंग्जमध्ये वर जो शोधायचा चौकोन असतो त्यात शब्द टाकला की जागा सापडते.

आधी एक गोंधळ मिटवू

फोनमध्ये भाषा तीन ठिकाणी असते आणि एक बदलण्यासाठी बाकीच्या बदलाव्या लागत नाहीत. अपवाद एकच: कीबोर्डवरच्या माइकने बोलताना फोन कीबोर्डचीच भाषा ऐकतो. पहिली मेनूची भाषा, म्हणजे सेटिंग्ज, बॅटरी वगैरे शब्द कोणत्या भाषेत दिसतात ती. दुसरी कीबोर्डची, म्हणजे तुम्ही कशात लिहिता ती. तिसरी आवाजाची, म्हणजे फोन कोणती भाषा ऐकतो आणि बोलतो ती. मराठीत टाइप करायचं म्हणून बरेच जण अख्ख्या फोनची भाषा बदलून बसतात. मग बँकेचं ॲपही कधी कधी वेगळं दिसू लागतं आणि परत यायची वाट सापडत नाही.

मेनू इंग्रजीत राहू दिला तरी चालतो. आमच्या मते तेच बरं, कारण अडलात तर दुकानातला पोरगा किंवा फोनवरून सांगणारा भाचा इंग्रजी नावंच सांगणार आहे. इंग्रजी अजिबात वाचता येत नसेल तर मात्र मेनू मराठी करा: सेटिंग्ज, सिस्टीम, लँग्वेजेस, मग यादीत मराठी जोडून ती वर ओढा. आधी मूळ पानाचा एक फोटो दुसऱ्या फोनवर काढून ठेवा. परतीची वाट त्यात दिसते.

कीबोर्ड: तीन भाषा, त्याहून जास्त नकोत

१. प्ले स्टोअरमधून जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, घ्या. बऱ्याच फोनमध्ये तो आधीच असतो. असला तर फक्त अपडेट करा.

२. व्हॉट्सॲपमध्ये कोणतीही चॅट उघडून लिहायच्या जागेवर बोट ठेवा. कीबोर्ड वर आला की त्याच्या वरच्या पट्टीत दातेरी चाकाचं चिन्ह दिसेल. ते दाबा, लँग्वेजेस, मग ॲड कीबोर्ड.

३. मराठी निवडा. आता तीन प्रकार समोर येतात. एकात देवनागरी अक्षरांच्या कळा असतात. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटतं. तिसऱ्यात बोटाने काचेवर लिहायचं. साठी ओलांडलेल्यांना तिसरा लगेच जमतो, कारण पाटीवर लिहायची सवय अजून हातात असते. तरुणांना दुसरा. रोज भरपूर लिहिणाऱ्याने पहिला शिकावा. आठवडाभर चिडचिड होते, नंतर तोच सर्वांत भरवशाचा.

४. परत ॲड कीबोर्ड, आणि कन्नड. इथे इंग्रजी अक्षरांवरून कन्नड होणारा प्रकार घ्या. त्याच्या कळांना तुम्ही बोट लावणार नाही, फक्त माइकसाठी हवा आहे.

५. इंग्रजी, मराठी, कन्नड एवढंच ठेवा. हिंदीसुद्धा काढून टाका. मराठी आणि हिंदी दोन्ही असली की भरघाईत हिंदी लागते, आणि मग ‘पाणी’चं ‘पानी’ होऊन जातं.

भाषा बदलायला पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दाबा किंवा स्पेसची लांब पट्टी दाबून धरा. सध्या कोणती भाषा चालू आहे ते त्याच पट्टीवर लिहिलेलं असतं. तिकडे बघायची सवय लावून घ्या, पुढे तिचीच गरज आहे.

मराठी लिहिताना चार ठिकाणी हमखास अडतं. ‘ळ’ आणि ‘ण’ इंग्रजी अक्षरांवरून लिहिताना ‘ल’ आणि ‘न’ होतात. वरच्या पट्टीत योग्य शब्द शोधून त्यावर बोट ठेवा, दोन-चार वेळा निवडलात की फोन शिकतो. ‘बेळगाव’ असाच शिकवावा लागतो. ‘वाऱ्यावर’, ‘पुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा र साध्या र-पासून होत नाही. देवनागरी कळांमध्ये ‘र’ दाबून धरला की खाली टिंब असलेला ‘ऱ’ मिळतो, त्याला हलंत जोडून पुढचं अक्षर लावायचं. साध्या र-ने ‘वार्यावर’ असं रफार चढलेलं दिसतं. ‘ॲप’मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर आहे. तो ‘अ’ दाबून धरल्यावर किंवा स्वरांच्या ओळीत शोधा. चौथी अडचण आकड्यांची: जीबोर्डवर देवनागरी आकडे येत असतील तर खाते क्रमांक, ओटीपी किंवा मोबाइल नंबर टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा. बरेच फॉर्म देवनागरी आकडा घेतच नाहीत आणि चूक काय ते सांगतही नाहीत.

नोटीस ऐकायची कशी

नोटीस तीन रूपांत येते. रूपानुसार कृती बदलते.

मजकुराच्या रूपात, म्हणजे कोणीतरी टाइप केलेला संदेश असेल तर काम सोपं आहे. संदेशावर बोट दाबून धरा, कॉपी करा. गूगल ट्रान्सलेट उघडा, डावीकडची भाषा कन्नड, उजवीकडची मराठी. पेस्ट करा. आता उजवीकडचं मराठी वाचण्याआधी कन्नड मजकुराखालचं स्पीकरचं चिन्ह दाबा. फोन कन्नड वाचून दाखवतो. पुन्हा दाबलंत तर बऱ्याचदा सावकाश वाचतो. ऐकून समजलं तर तिथेच थांबा. एखादा शब्द अडला तरच मराठीकडे बघा.

फोटोच्या रूपात असेल तर आधी तो गॅलरीत उतरवून घ्या. गूगल फोटोज किंवा गूगल ॲपमधून तो लेन्समध्ये उघडा. लेन्स म्हणजे फोटोतला मजकूर वाचणारी गूगलची सोय, तिचं चिन्ह कॅमेऱ्यासारखं रंगीत असतं. मजकुरावर बोट ठेवून सगळा निवडा, मग ऐका किंवा कॉपी. लाइटचं बिल, दाखला, भिंतीवरची पाटी अशा समोरच्या कागदासाठीही हेच, फक्त फोटो तुम्ही काढायचा.

फोटो नीट आला नाही तर पुढचं सगळं फुकट जातं. कन्नड अक्षरं गोलसर आणि अंगाने सारखी, खाली लटकलेल्या जोडाक्षरांचे बारीक आकडे. थोडं हललं की फोन वेगळंच अक्षर वाचतो. कागद टेबलावर सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात. फ्लॅश बंद ठेवा, चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो. फोन कागदाला समांतर धरा आणि एका वेळी अर्धंच पान घ्या. हाताने लिहिलेलं कन्नड, शिक्क्याखालचा मजकूर आणि झेरॉक्सची झेरॉक्स यांच्या वाटेला जाऊ नका, तिथे माणूसच लागतो.

तिसरं रूप पीडीएफचं. यात एक गंमत आहे, आणि तिच्यामुळे बरेच जण फोन बिघडला असं समजतात. कन्नडमध्ये ‘नुडि’ आणि ‘बरह’ या टाइपिंगच्या सोयी फार वर्षांपासून चालत आल्या. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर कन्नड दिसतं, पण आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. मराठीतल्या जुन्या डीटीपी फॉन्टचंही तसंच. असा मजकूर कॉपी करून पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा मिळतो. उपाय सोपा: कॉपी करू नका. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोटोसारखा लेन्समध्ये टाका. लेन्स आतलं साठवण बघत नाही, डोळ्यांना दिसतं ते वाचते.

जांबोटी, कणकुंबीकडे जाणाऱ्यांसाठी: हे सगळं सिग्नलवर चालतं आणि त्या जंगलपट्ट्यात सिग्नल विरळ. ट्रान्सलेटमध्ये उजवीकडच्या स्वतःच्या चित्रावर दाबून डाउनलोडेड लँग्वेजेसमध्ये कन्नड आणि मराठी उतरवून ठेवा. आवाजासाठी सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा, गूगलच्या इंजिनासमोरच्या चाकावर दाबा आणि कन्नडचा व्हॉइस डेटा घ्या. घरी वाय-फाय असताना हे उरकावं.

कानाला फसवणारे शब्द

बाजारातलं कन्नड आणि कचेरीतलं कन्नड यांत बरंच अंतर आहे. नोटिशीत संस्कृत आणि मराठीतही चालणारे अरबी-फारसी शब्द जास्त असतात, त्यामुळे मराठी माणसाला ती उलट सोपी जाते: दिनांक, ग्राम, सभे, अर्जि, पावति, सहि, बाकि. हे शब्द ऐकताक्षणी कळतात. रोज लागणारे काही मात्र पाठच करावेत. हेसरु म्हणजे नाव, तंदेय हेसरु वडिलांचं नाव, विळास पत्ता, मोत्त रक्कम, कोनेय दिनांक शेवटची तारीख. पावतिसबेकाद मोत्त म्हणजे भरायची रक्कम. आस्ति तेरिगे हा घरफाळा, पडितर चीटि हे रेशन कार्ड. विद्युत् व्यत्यय ऐकू आलं की समजा लाइट जाणार आहे, आणि पुढे कोणता वार येतो तिकडे कान द्या.

आता फसवे. ‘दूरु’ म्हणजे लांब नव्हे, तक्रार. लांबला ‘दूर’ म्हणतात, शेवटच्या उ-चा काय तो फरक. ‘अवकाश’ म्हणजे संधी किंवा मुभा, म्हणून ‘अवकाश इल्ल’ म्हटलं तर परवानगी नाही असं समजा, वेळ नाही असं नव्हे. ‘अनुमान’ म्हणजे संशय. ‘अवसर’ म्हणजे घाई. आकड्यांत तर मोठा धोका: मूरु म्हणजे तीन, नूरु म्हणजे शंभर, आणि फोनच्या सपाट आवाजात दोन्ही सारखेच वाटतात. रक्कम, तारीख आणि वेळ कधीही ऐकून पक्की करू नका. मूळ कागदावर आकडे बहुतेक इंग्रजीत छापलेले असतात, तिथे डोळ्यांनी बघा.

जमिनीचा उतारा, म्हणजे कर्नाटकातली पहणि किंवा आरटीसी, याला मात्र ही युक्ती पुरत नाही. त्यातले रकाने इतके बारीक आणि एकमेकांना चिकटलेले असतात की लेन्स एका ओळीतलं नाव दुसऱ्या ओळीच्या क्षेत्राला जोडते. सर्वे नंबर, हिस्सा आणि एकर-गुंठे एवढं स्वतः ओळखायला शिका, ४० गुंठ्यांचा एकर हे ध्यानात ठेवून. व्यवहाराचा प्रश्न असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या.

उत्तर बोलून द्या

व्हॉट्सॲपमध्ये लिहायच्या जागेवर बोट ठेवा. गोळा दाबून कीबोर्ड कन्नडवर आणा. स्पेसच्या पट्टीवर कन्नड दिसतंय ना, ते बघा. आता कीबोर्डवरचा माइक दाबा. व्हॉट्सॲपचा हिरवा माइक वेगळा, त्याने आवाजाचा संदेश जातो. मग बोला.

कीबोर्ड मराठीवर ठेवून कन्नड बोलणं ही सर्वांत नेहमीची चूक. फोन ते मराठी समजून ऐकतो आणि काहीतरी भलतंच लिहून मोकळा होतो. लोक म्हणतात, फोनला कन्नड येत नाही. येतं, पण तुम्ही त्याला मराठी ऐकायला बसवलेलं असतं.

दुसरी अडचण आपल्या बोलीची. आपण उत्तर कर्नाटकातलं कन्नड बोलतो आणि फोन पुस्तकी कन्नडवर तयार झालेला. ‘माडाकत्तीनी’ म्हटलं की तो अडखळतो, ‘माडुत्तिद्देने’ म्हटलं की बरोबर लिहितो. ‘ऐति’च्या जागी ‘इदे’, ‘होगतीनी’च्या जागी ‘होगुत्तेने’. बातम्यांत ऐकतो तसं, थोडं ताठ बोलायचं. लाज वाटून घेऊ नका. मराठीतही ‘काय करालास’ म्हटलं की फोन गोंधळतोच.

लिहून झालं की पाठवायच्या आधी उलटतपासणी करा. मजकूर कॉपी करून ट्रान्सलेटमध्ये टाका आणि कन्नड ऐका. तुम्ही बोललात तेच परत ऐकू आलं तर पाठवा. यातच अर्धा मिनिट जातो, पण ‘उद्या येतो’चं ‘काल आलो’ होऊन जाण्यापेक्षा बरं. नाळे म्हणजे उद्या, निन्ने म्हणजे काल.

मराठीतून भाषांतर करूनच कन्नड पाठवायचं ठरवलंत तर एक गोष्ट कान देऊन ऐका: ‘नीवु’ आणि ‘निम्म’ येतंय की ‘नीनु’ आणि ‘निन्न’. पहिलं ‘तुम्ही’ आणि ‘तुमचं’, दुसरं ‘तू’ आणि ‘तुझं’. यंत्र बऱ्याचदा माणसाला एकेरीवर आणतं. पंचायतीच्या पीडीओला (विकास अधिकाऱ्याला) किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांना ‘नीनु’ गेलं की पुढचं काम अडलंच समजा. बोलताना आपण ‘बर्री’, ‘हेळ्री’ असा ‘री’ लावून मान देतो, लेखी संदेशात त्या जागी सुरुवातीला ‘दयविट्टु’, म्हणजे कृपया, घाला.

मिश्र ग्रुपमध्ये वागायचं कसं

गल्लीचा गणेशोत्सव, शाळेचे पालक, दूध डेअरी, भजनी मंडळ: इथले ग्रुप बहुतेक दुभाषी असतात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं सगळ्यांत वाईट, कारण कन्नड वाचणाऱ्याला ते कळत नाही आणि मराठी वाचणाऱ्यालाही ‘कळ’ की ‘कल’ ते कळत नाही. शिवाय यंत्रालाही त्याचं भाषांतर जमत नाही. देवनागरीत लिहा, खाली एक मोकळी ओळ सोडून तेच कन्नडमध्ये. वाक्यं छोटी ठेवा. ‘रविवारी सकाळी १० वाजता मंदिरात सभा.’ एवढंच. तारीख, वेळ, रक्कम आणि जागा आकड्यांत आणि स्पष्ट असली की भाषांतर चुकलं तरी नुकसान होत नाही.

ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आवाजाचा संदेश पाठवा. माइक दाबून धरून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं आणि बोट मोकळं होतं, डावीकडे सरकवलं की रद्द. एका संदेशात एकच भाषा ठेवा. अर्धं मराठी, अर्धं कन्नड असं बोललं की दोघांनाही पूर्ण ऐकावं लागतं आणि दोघेही ऐकत नाहीत.

कागदपत्र पाठवताना फोटो म्हणून न पाठवता जोडणीच्या पिनेतून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि पलीकडच्याच्या लेन्सला अक्षरं सापडत नाहीत.

चुकून भलतं गेलं तर १५ मिनिटांत संदेश सुधारता येतो. सगळ्यांसाठी पुसून टाकायला साधारण दोन दिवस मिळतात. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्समध्ये जाऊन फक्त ओळखीच्यांनाच तुम्हाला ग्रुपमध्ये घेता येईल असं करून ठेवा. नाहीतर निवडणूक जवळ आली की तुमचा नंबर फिरायला लागतो.

बिल, लिंक आणि नावांची भानगड

बेळगाव जिल्ह्यात वीज हेस्कॉमची, म्हणजे हुबळीच्या वीज कंपनीची. फोनवरून बिल भरताना ॲपमध्ये इलेक्ट्रिसिटी निवडल्यावर देशभरातल्या कंपन्यांची यादी येते आणि त्यात महावितरणही असतं. हुबळी किंवा हेस्कॉम असं शोधा. बिलावरचा खाते क्रमांक टाकला की ग्राहकाचं नाव समोर येतं. ते नाव बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिनोळीला किंवा कागलला एखादं घर आणि इकडे दुसरं असं असेल तर दोन्ही नंबर नाव देऊन जतन करून ठेवा.

‘बिल भरलं नाही, आज रात्री लाइट तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा संदेश कन्नडमध्ये येवो, मराठीत येवो की इंग्रजीत, तो फसवणुकीचा असतो. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं, तीही तशीच: पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे ॲप. कन्नड वाचता येत नसलेल्याला इथे जास्त धोका आहे, कारण तो काय लिहिलंय ते बघायला घाईने दाबतो. न दाबता स्क्रीनशॉट काढा आणि लेन्सला वाचायला लावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

फॉर्ममध्ये गाव सापडत नसेल तर स्पेलिंग बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. चिकोडीत दोन क, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुरा. निपाणीतही कुठे एक प, कुठे दोन. आधारवर जुनं आणि फॉर्ममध्ये नवं असेल तर घाबरू नका, पण पिन कोड बरोबर टाका: शहराचा ५९०००१, निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२. तालुक्यातल्या खेड्यांचे कोड वेगळे असू शकतात.

हाच फोन मुलाच्या हातात गेला की

घरात फोन एकच, त्यातच पगाराचं खातं, आणि संध्याकाळी त्यावर लुडो नाहीतर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ. खेळायला देण्याआधी दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये ॲप पिनिंग शोधून चालू करा आणि अनपिन करताना पासवर्ड मागेल असं ठेवा, मग खेळ पिन केला की मुलाला त्यातून बाहेर पडायला तुमचा पासवर्ड लागतो. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागेल असं करून ठेवा. बंदुकीचा रंग किंवा कपडे विकत घेतल्याने नेम सुधारत नाही हे मुलांना माहीत असतं, तरी घेतात.

खेळातली चॅट अनोळखी लोकांशी असते. माइकची परवानगी फक्त ॲप वापरात असतानाच द्या आणि मुलाला खरं नाव, शाळा, गाव आयडीत घालू देऊ नका. ‘फुकट डायमंड’ किंवा ‘आयडी विकतो’ म्हणत जो लॉगिन मागतो त्याला आयडी हवा असतो, एवढंच. रमी किंवा सट्ट्याचं ॲप लिंकवरून उतरवायला कोणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे.

सीमेवर नेट का जातं

निपाणीहून कागलकडे किंवा बेळगावहून शिनोळीकडे निघालात की फोन कर्नाटकाच्या टॉवरवरून महाराष्ट्र-गोवा सर्कलच्या टॉवरवर जातो. काही गावांत घरात बसल्या बसल्या दिवसातून चार वेळा हे होतं. बोलणं चालू आणि नेट बंद असं दिसलं तर सेटिंग्जमध्ये डेटा रोमिंग चालू आहे का बघा. देशातल्या देशात आता बहुतेक अमर्याद प्लॅनमध्ये रोमिंगचा वेगळा भुर्दंड नसतो. तरी अडलं तर विमानाचं चिन्ह दाबून दहा सेकंदांनी काढा, फोन टॉवर नव्याने शोधतो. नेटवर्क हाताने निवडण्याच्या भानगडीत पडू नका. एकदा निवडून विसरलात की दुसऱ्या गावी फोन मुकाच.

कॉम्प्युटरवर

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, मग मराठी जोडा. मराठीच्या पर्यायांत दोन कीबोर्ड मिळतात: फोनेटिक, म्हणजे इंग्रजी उच्चारावरून, आणि इन्स्क्रिप्ट. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते.

कधीतरी लिहायचं असेल तर फोनेटिक पुरे. पण ज्याला टायपिंगचं काम करायचं आहे, अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात बसायचं आहे, त्याने या जिल्ह्यात इन्स्क्रिप्टच शिकावं. कारण त्याची रचना बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे. ‘के’च्या कळीवर मराठीत क, कन्नडमध्येही क. ‘एल’वर त, ‘जे’वर र, ‘सी’वर म, ‘डी’वर हलंत, शिफ्ट धरून ‘एन’ दाबलं की ळ, शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की तो आडव्या र-साठीचा ऱ. बोटांना क कुठे हे एकदा कळलं की भाषा बदलून तीच बोटं कन्नड लिहितात. फक्त कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे शिकावे लागतात, कारण मराठीत ते नाहीत. दिवसाला अर्धा तास दिला तर मराठी महिनाभरात हातात बसतं. कन्नडला त्यानंतर लागतो तो वेळ बोटांसाठी कमी आणि पडद्यावरची अक्षरं ओळखण्यासाठी जास्त. आणि रोज क दाबून समोर कन्नड क उमटताना बघितला की ती अक्षरंही हळूहळू ओळखीची व्हायला लागतात.